हाडांतला मुराळी

होटगीची माझी मावशी त्या दिवशी सकाळी दारात उभी राहिली ती एका हातात सुरणाचा गड्डा आणि दुसऱ्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल घेऊन. आत यायच्या आधी तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि शेजारच्या दोन घरांना सहज ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, "लाजायचं काय त्यात? तुज्या काकांनाबी हाय की. धा वर्सं झाली."

"काय आहे काकांना?"

"मूळव्याध," ती म्हणाली आणि लुगड्याची गाठ सोडली. आत हवा भरायची रबरी चकती होती, मधे भलंमोठं भोक असलेली. "ह्याच्यावर बसत जा. लई आराम पडतो."

मला हसू फुटलं. हसल्याबरोबर छातीच्या मधल्या हाडात अशी कळ आली की दाराची चौकट धरून मी खालीच बसले. मावशीनं आत माझ्या आईला हाक मारली, "अगं ए, पोरीला धड बसताबी येईना की!" पोरीचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं.

चूक मावशीची नव्हती. आदल्या दिवशी फोनवर मीच तिला सांगितलं होतं की मला मूळपेशींसाठी इंजेक्शनं चालू आहेत. होटगीला रुळांच्या कडेला तिचं घर, मालगाडी गेली की फोन अर्धाच ऐकू येतो. तिनं 'मूळ' तेवढं ऐकलं आणि पुढचं आपल्या घरातून भरून घेतलं. आमच्या नात्यात बातमी मावशीकडे पोचली म्हणजे सगळीकडे पोचली. पुढचे दोन दिवस मला ताक पी, तिखट सोड, उन्हात बसू नको, असे सल्ले येत राहिले. ज्या नणंदेनं वर्षभर फोन केला नव्हता तिनंसुद्धा केला आणि आडून आडून विचारलं, "आता बरं वाटतंय ना... खाली?"

खरी गोष्ट सांगायची तर माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला होता. घरात आम्ही त्याला तम्मा म्हणतो. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असते, आणि तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. श्रीपूरच्या साखर कारखान्यात तो काट्यावर कारकून आहे, उसाच्या गाड्या वजन करून आत सोडायच्या हे त्याचं काम. हंगाम जोरात असताना त्याला ताप येऊ लागला, अंगावर काळेनिळे डाग उठले, आणि तपासणी झाली तेव्हा सगळं उलटंपालटं झालं. औषधांनी आजार दबला, पण तो पुन्हा डोकं वर काढणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याच्या हाडांत रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी मारून टाकायच्या आणि दुसऱ्या कुणाच्या निरोगी मूळपेशी तिथं नेऊन वसवायच्या, एवढा एकच खात्रीचा रस्ता होता. तपासणीत माझं त्याच्याशी पूर्ण जुळलं. बाकी कुणाचंच जुळलं नाही. म्हणजे माझ्या हाडांतून पुरेशा पेशी बाहेर आल्या तर तम्मा जगणार होता.

एवढी गंभीर गोष्ट, आणि मी मात्र त्या आठवड्यात खुळ्यासारखी हसत होते. घाबरले की मला हसू येतं, ही माझी जुनी खोड. पण निम्मं हसू भीतीचं नव्हतं. मला आनंदच झाला होता. भाऊ इतका आजारी असताना आपण काहीच करू शकत नाही, असे तीन महिने मी काढले होते. डबे पाठव, रिपोर्ट वाच, देवाला नारळ बोल. आणि एक दिवस कळलं की हवी ती वस्तू आपल्याच कमरेच्या हाडात पडून आहे. मी भाजीवालीला सांगितलं, कॉलेजच्या शिपायाला सांगितलं, आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या चाचांनाही सांगितलं. ते म्हणाले, "हड्डी में से खून? वा, क्या बात है!" आणि माझ्या साडीला त्या दिवशी जास्तीची घडी मारून दिली.

आणखी एक गंमत होती. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आणि तम्मावर उपचार करणारी डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली मुलगी, घरी तेलुगू, वर्गात चुरूचुरू मराठी. तिनं मला पहिल्या भेटीत नीट समजावलं. मूळपेशी हाडाच्या आतल्या पोकळीत, हाडाच्या भिंतीला धरून राहतात. तिथून त्या सहसा हलत नाहीत. रोज एक इंजेक्शन घेतलं की पाचव्या दिवशी त्या मोठ्या संख्येनं रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त काढायचं, यंत्रानं त्यातल्या मूळपेशी वेचायच्या, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत द्यायचं. हाडाला भोक पाडायची गरज नाही.

मी शिक्षिका. दुसऱ्या इंजेक्शनाला गेले तेव्हा प्रश्न विचारल्याशिवाय मला राहवेना. "भिंतीला धरून बसलेल्या पेशी इंजेक्शन दिलं म्हणून सोडून येतात कशा?"

ती हसली. "मॅडम, तुमचा उंदीर त्यांना सोडवतो."

माझ्या कानशिलापर्यंत लाली चढली. हाडांच्या धड्यात दोन पेशी येतात. एक हाड बांधणारी आणि एक हाड खाणारी. खाणारीचं नाव ऑस्टिओक्लास्ट. बावीस वर्षं मी फळ्यावर ऑस्टिओक्लास्ट म्हणून दोन दात पुढे आलेला उंदीर काढत आले. मुलं हसायची, मलाही चेव चढायचा. हा बघा चोर, मी सांगायची, गवंडी बिचारा दिवसभर भिंत बांधतो आणि हा मागून कुरतडत येतो, म्हातारपणी आपली कंबर मोडते ती ह्याच्यामुळे. डॉक्टरणीच्या वहीत तो उंदीर अजून आहे म्हणे, शेपटीसकट.

"शेपटी तुम्हीच काढायला लावली होती," ती म्हणाली. मग तिनं मला माझाच धडा शिकवला. मूळपेशी भिंतीपाशी राहतात कारण त्यांना तिथं बांधून ठेवणारे धागे असतात, आणि 'इथंच थांब' असं सांगणारी रसायनं आसपासच्या पेशी सतत सोडत असतात. हाड खाणारी पेशी भिंतीला चिकटून खायला बसली की तिच्यातून जे पाचक रस निघतात ते हाडाबरोबर हे धागेही तोडतात आणि थांबवणारी रसायनंही. मूळपेशी मोकळ्या होतात आणि रक्ताच्या वाटेला लागतात. इंजेक्शनांच्या दिवसांत हाडांतली ही सगळी उलथापालथ जोरात चालते, म्हणून हाडं दुखतात.

"पण मॅडम, हे अगदी शंभर टक्के धरू नका," ती म्हणाली. "काही प्रयोगांत खाणाऱ्या पेशींना औषधानं गप्प बसवलं तरी मूळपेशी बाहेर आल्याच. इंजेक्शन इतरही बऱ्याच पेशींना कामाला लावतं. कोण किती काम करतं यावर अजून भांडणं चालू आहेत. एक मात्र नक्की. ह्या खाणाऱ्या पेशी नसत्या तर हाडं आतून भरीव झाली असती. काही बाळं तशी जन्मतात. रक्त तयार व्हायला त्यांच्या हाडांत जागाच नसते."

मी घरी आले ती रिक्षात एकटीच पुटपुटत. म्हणजे ज्या पोकळीत आपलं रक्त तयार होतं ती ह्यानंच कोरलेली. आणि मी त्याला शेपूट लावली. रिक्षावाल्यानं दोनदा आरशातून बघितलं.

आई तेव्हा माझ्याकडेच राहत होती. आम्ही तिला अव्वा म्हणतो. अक्कलकोटकडची, शहात्तर वर्षांची, कान शाबूत, पण प्रत्येक शब्द आपल्या हिशेबानं घेणारी. मी तिला उत्साहानं सांगायला बसले, "अव्वा, मूळपेशी म्हणजे..."

"कुनाचं मूळ आलंय?" ती एकदम सावरून बसली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. मावशीला मूळ म्हटल्यावर मूळव्याध आठवली, आणि हिला माहेरचं मूळ. आमच्याकडे सासरी असलेल्या लेकीला सणासाठी माहेरहून न्यायला कुणी आलं की 'मूळ आलं' म्हणतात, आणि जो येतो तो मुराळी. बहुतेक वेळा भाऊच.

"कुणाचं नाही गं," म्हणून मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. पेशी हाडात राहते, तिथून तिला सोडत नाहीत, मग एक हाड खाणारी पेशी येते, बसून खाते, खाता खाता बंध सुटतात आणि ही बाहेर पडते. अव्वा ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मंग मूळ न्हाय तर काय हाय हे? आपला तम्मा बार्शीला काय करायचा?"

माझ्या डोळ्यांसमोर एकदम बार्शी उभी राहिली. लग्नानंतर पहिली काही वर्षं आम्ही तिथं होतो, सासऱ्यांची धान्याची आडत होती. पंचमीला तम्मा मला न्यायला यायचा, तेव्हा विशीतला. सासूबाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण सून हातची सोडायची म्हटलं की त्यांना काम आठवायचं. उद्या जा. परवा जा. पापड राहिलेत, गहू निवडायचेत. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर भांडला असता किंवा तोंड पाडून परत गेला असता. तम्मा भांडायचा नाही. "बरं की," म्हणायचा आणि पाटावर बसायचा. सकाळी सहा कडक भाकऱ्या, दुपारी आठ. वर शेंगाची चटणी, दही, आणि "मावशी, आमटी लई झकास झालीया, अजून हाय का?" सासूबाईंना आधी बरं वाटायचं. संध्याकाळी त्या डब्यात डोकावायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः माझी पिशवी ओसरीवर आणून ठेवली. "घेऊन जा बाबा तुझ्या बहिणीला," त्या म्हणाल्या, "पीठ संपलं." एसटीत बसल्यावर तम्मानं ढेकर दिला आणि म्हणाला, "अक्का, पुढच्या सालीबी येतो."

मी अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून हसले. छाती दुखली, कंबर दुखली, तरी हसले. अव्वा मात्र हसत नव्हती. ती पदर खोचत होती.

"मुराळी आलाय म्हनतीस, आन् त्याला काय वाढतीस? काय खातो म्हनलीस तो? एलुबु?" एलुबु म्हणजे हाड.

"हाडच खातो. त्याला आपण वाढायची गरज नाही."

"घरी आलेल्या मुराळ्याला उपाशी ठिवलं तर तो पोरीला घिऊन कसा जाईल?"

आणि तिनं माझं घर ताब्यात घेतलं. सकाळी तिळाचे लाडू, दुपारी शेवग्याच्या शेंगा, चार वाजता पेलाभर दूध, संध्याकाळी गव्हाची हुग्गी म्हणजे खीर, तीही वर तूप ओघळेल अशी. मी पोट भरलं म्हटलं की ती म्हणायची, "तुला कोन वाढतंय? हे त्याचं हाय." नवरा गुपचूप दोन लाडू उचलायला गेला तर त्याचाही हात धरला. मी डॉक्टरणीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, खाण्याचा आणि पेशी सुटण्याचा तसा काही संबंध नाही." मी फोन अव्वाकडे दिला. अव्वानं ऐकून घेतलं, "व्हय बाई, व्हय," म्हणाली, फोन ठेवला आणि ताटात आणखी एक लाडू टाकला.

सुरणाची भाजीही त्यातच झाली. आणि खरं सांगते, चौथ्या दिवशी माझी कंबर आणि माकडहाड इतकं ठणकायला लागलं की मी मावशीच्या चकतीत हवा भरली आणि तिच्यावर बसले. लई आराम पडला. मावशीला हे मी कधीच सांगणार नाही.

दवाखान्यात तम्माला त्याच आठवड्यात जोरदार औषधं चालू होती. काचेच्या दारामागची खोली, आत फक्त त्याची बायको, तीही मास्क लावून. आमची भेट फोनच्या पडद्यावर. डोक्यावर केस नाहीत, तोंडात फोड, पाणीसुद्धा गिळताना डोळे मिटायचा. अव्वा पडद्याजवळ तोंड नेऊन विचारायची, "ऊट आत?" जेवलास का, एवढंच. तो मान हलवायचा. त्यानं दोन दिवस काही खाल्लेलं नसायचं. फोन बंद झाला की अव्वा थेट स्वयंपाकघरात जायची आणि मला वाढायची. ज्याला भरवायचं त्याला भरवता येत नव्हतं म्हणून ती मला भरवत होती. हे माझ्या लक्षात चौथ्या दिवशी आलं, आणि त्यानंतर मी लाडवाला नाही म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी तम्मा हळू आवाजात मला म्हणाला, "अक्का, माझा बॉयलर आता पुरता इझवलाय. परत पेटवायचं तुज्या हातात." कारखान्यातला माणूस, त्याला तसंच बोलता येतं. औषधांनी त्याच्या जुन्या मूळपेशी मारल्या होत्या, आता मागं फिरायची सोय नव्हती. मी म्हटलं, "काटा तयार ठेव. भरलेली गाडी घेऊन येते."

पाचव्या दिवशी सकाळी मला यंत्राला जोडलं. दोन्ही हातांत सुया, हात वाकवायचे नाहीत. नाक खाजलं तर नर्सला सांगायचं. ती तेलगाव-बिलगावकडची असावी, गोड बोलायची आणि नेमकं नाकाच्या दुसऱ्या बाजूला खाजवायची. तासाभरानं माझ्या ओठांना मुंग्या आल्या. रक्त यंत्रात गोठू नये म्हणून जे औषध घालतात ते रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, त्याचा हा परिणाम. नर्सनं कॅल्शियमची गोळी दिली. दाराबाहेरून अव्वाचा आवाज आला, "तीळ खा म्हनलं हुतं की न्हाय!"

वरच्या पिशवीत पातळ टोमॅटोच्या साराच्या रंगाचं काहीतरी थेंबाथेंबानं साठत होतं. मी टक लावून बघत होते. कसलं देखणं दिसत होतं ते! चार तासांत मी तिथल्या तंत्रज्ञाला माझं आख्खं बालपण सांगितलं.

दुपारी मोजणी आली. डॉक्टरीण आली तेव्हा ती हसत नव्हती, तेवढ्यानं मला कळलं. हव्या होत्या त्याच्या निम्म्यासुद्धा पेशी निघाल्या नव्हत्या.

"काही जणांच्या कमी निघतात, मॅडम. उद्या परत बघू. आज संध्याकाळी आणखी एक इंजेक्शन घेऊ."

"आणि उद्याही नाही निघाल्या तर?"

"उद्या बघू ना," ती म्हणाली. वर्गात उत्तर येत नसलं की ती अशीच खाली बघायची.

तेवढ्यात फोनवर तम्माचा निरोप आला. 'काटा काय म्हणतोय?' मी हातातल्या पट्टीकडे बघितलं आणि लिहिलं, 'भरला.' आयुष्यात मी त्याच्याशी पुष्कळ खोटं बोलले आहे, पण तो एक शब्द मी तीनदा पुसून लिहिला. पाच दिवसांचं सगळं हसू कुठल्या कुठे गेलं. मी जिन्यात जाऊन रडले. स्वतःच्या हाडांचा मला इतका राग आला की मांडीवर बुक्क्या मारल्या. बोलायला एवढी पुढे, आणि द्यायची वेळ आली तर हात आखडता, असं वाटलं मला स्वतःबद्दल.

अव्वा एकेक पायरी धरत माझ्यापाशी आली आणि शेजारी टेकली. तिला मी खरं सांगितलं. वाटलं होतं ती कोसळेल.

"पैल्या दिवशी कुनी पोरीला सोडतं व्हय?" ती म्हणाली. "तुजी सासू कदी सोडली? पैल्या दिवशी मुराळी नुसता बसतो. खातो. त्याला बसू दे की." मग म्हणाली, "मलाबी लई भ्या वाटतंय गं." माझा हात तिनं सुया टोचलेल्या जागेच्या वर धरला आणि आम्ही दोघी तशाच बसलो. वरून उतरणाऱ्या माणसांनी आम्हाला वळसा घातला.

संध्याकाळचं इंजेक्शन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेपासून पाठीपर्यंत हाड न् हाड असं ठणकत होतं की जिना चढताना मी मोठ्यानं ओय ओय करत होते आणि मनातून खूश होत होते. खा बाबा, म्हणत होते. चुकलं माझं, उंदीर म्हणाले, शेपूट काढली. पोटभर खा, पण तिला सोडव. यंत्राला जोडल्यावर हे मी बहुतेक मोठ्यानंच म्हणाले असणार, कारण तंत्रज्ञानं नर्सकडे बघितलं आणि नर्सनं मला कॅल्शियमच्या दोन गोळ्या एकदम दिल्या.

त्या दुपारी डॉक्टरीण पळत आली. खरंच पळत. पांढरा कोट उडत होता, चप्पल कॉरिडॉरमध्ये चटचट वाजत होती, आणि दारातूनच तिनं दोन्ही हात वर केले. "भरलं, मॅडम! दोन्ही दिवसांचं मिळून पुरून उरतंय!" मी सुया विसरून उठायला गेले आणि तिघांनी मिळून मला दाबून बसवलं. अव्वानं डॉक्टरणीच्या तोंडात तिळाचा लाडू कोंबला. रुग्णालयाच्या नियमात ते बसत नव्हतं. तिनं तो खाल्ला.

पिशवी त्याच संध्याकाळी तम्माच्या शिरेतून आत गेली. अर्धा तास, एखादी सलाइन लावावी तसं. अव्वा काचेतून बघत होती, मोठं ऑपरेशन होणार म्हणून सकाळपासून उपास धरलेली. "एवढंच?" तिनं विचारलं. मग काळजीत पडली. "आन् तिला तितं वाट कोन दाखिवनार?" मी सांगितलं की मूळपेशी रक्तातून फिरत फिरत हाडातली आपली जागा आपणच ओळखते. हे मात्र शास्त्र आहे, आणि शास्त्राला अजूनही त्यातलं सगळं कळलेलं नाही, असं म्हणायची मला आता सवय लागली होती.

मग वाट बघणं. रोज सकाळी रक्त तपासायचं आणि रोज पांढऱ्या पेशी जवळपास शून्य. मी कॉलेजात जायला लागले, कारण घरी बसले असते तर वेडी झाले असते. सोळाव्या दिवशी मी बारावीला झाडांची मुळं शिकवत होते तेव्हा डॉक्टरणीचा फोन आला. पेशी वाढायला लागल्या होत्या. पोरांना वाटलं बाई आता पडणार. मी टेबलावर बसले आणि त्यांना सांगितलं की वही काढा, एक जुना धडा मी चुकीचा शिकवलाय. फळ्यावर उंदीर काढला, त्याची शेपूट पुसली, मग मिशाही पुसल्या, दातही पुसले. शेवटी एक वेडावाकडा गोळा उरला आणि त्यात बरीच केंद्रकं. ऑस्टिओक्लास्ट खरोखर तसाच दिसतो.

तम्मा घरी यायला निघाला तेव्हा डॉक्टरणीनं त्याला जाता जाता एक गोष्ट सांगितली. हाड खाणाऱ्या पेशी रक्ताच्या मूळपेशींपासूनच जन्मतात. म्हणजे आता त्याच्या हाडांत ज्या खाणाऱ्या पेशी येत जातील त्याही माझ्याच मूळपेशींच्या लेकी असणार. तम्मानं माझ्याकडे वळून बघितलं. "म्हंजे आता आयुष्यभर आतून कुरतडनार तू मला?" मी म्हटलं, "बाहेरून जमत नव्हतं नीट." त्याची बायको इतकी हसली की तिचा मास्क निसटला.

पुढच्या हंगामाला तो काट्यावर परत रुजू झाला. एक दिवस दुपारी, माझा तास चालू असताना, त्याचा फोन. तासाला मी फोन घेत नाही, पण त्याचा घेते. मागं ट्रॅक्टरचे भोंगे आणि कुणीतरी ओरडत असलेलं ऐकू येत होतं.

"अक्का, नवं ओळखपत्र काढत्यात. फॉर्म भरतोय. रक्तगटाचा रकाना हाय. जुन्या कार्डावर बी पॉझिटिव्ह लिवलंय. काय लिहू?"

आठवड्यापूर्वीच डॉक्टरणीनं मला सांगितलं होतं, पण त्याला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. "ओ लिही," मी म्हटलं. "ओ पॉझिटिव्ह. आता तोच आहे."

पलीकडून ऑफिसातल्या माणसाचा आवाज आला, "अहो साहेब, जुनाच टाका की, रक्तगट कधी बदलत असतो का?"

तम्मा त्याला म्हणाला, "बदलतो. ह्यो माज्या अक्काचा हाय." आणि मला ऐकू येईल अशा बेतानं फोन टेबलावर ठेवून, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत त्यानं तो लिहिला.